फुली कुणाच्या नावावर?

पुढच्या साथीसाठी आपली रुग्णालयं किती तयार आहेत, या विषयावरच्या एका चर्चेला मी मध्यंतरी गेले होते. निम्मी चर्चा कोविडच्या काळात रुग्णालयातल्या इतक्या माणसांना संसर्ग कसा झाला, यावरच झाली. एक निवृत्त अधिकारी म्हणाले, "पहिले दोन महिने सोडा. नंतर किट होते, मास्क होते, सॅनिटायझर होतं. चहाच्या खोलीत मास्क उतरवून घोळक्याने बसले, म्हणून झालं. हात धुवायला काय मंत्रालयाची मंजुरी लागते?" टाळ्या पडल्या. त्यांना उत्तर द्यायला उठलेल्या कर्मचारी संघटनेच्या ताईंनी रेनकोट घालून केलेल्या ड्युट्या सांगितल्या, घरमालकांनी सिस्टरांना खोल्या खाली करायला लावल्या ते सांगितलं, आणि ज्यांच्यावर फुलं उधळलीत त्यांनाच आता बेफिकीर म्हणता का, असं विचारलं. टाळ्या त्यांनाही पडल्या. दोन तास हेच चाललं: कर्मचारी बेफिकीर होते की बिचारे होते? घरी येताना मला राहून राहून वाटत होतं, की हा प्रश्नच चुकीचा आहे आणि पुढची साथ येईपर्यंत आपण याच चुकीच्या प्रश्नावर भांडत बसणार आहोत.

मी आधी चौदा वर्षं वॉर्डात आणि मग संसर्ग नियंत्रण परिचारिका म्हणून एका जिल्ह्याच्या रुग्णालयात काम केलं. हातांची स्वच्छता, कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्या, हायपोक्लोराईट या जंतुनाशकाचं प्रमाण, सुई टोचल्याची नोंद, हे माझं रोजचं काम. त्या अनुभवावरून सांगते. रुग्णालयातला संसर्ग रोखणं ही कर्मचाऱ्याच्या स्वभावावर किंवा शौर्यावर सोडून देण्याची गोष्ट नाही. पाळ्या कोण लावतो, माणसं किती देतो, खिडक्या कोण बंद करतो आणि आजारी पडल्यावर पगार कोण कापतो, यावर ती ठरते. कर्मचाऱ्याची झोप, पाणी, जेवण, मनाची उभारी या गोष्टी आपण 'कल्याण' नावाच्या वेगळ्या फायलीत टाकतो, तिथेच चूक होते. त्या संसर्ग नियंत्रणाच्याच फायलीतल्या आहेत. दमलेला हात धुतला जात नाही.

हा वाद एका सभागृहापुरता असता तर मी लिहायला बसले नसते. १५ मे २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कोविड ड्युटीनंतरचं सरसकट चौदा दिवसांचं विलगीकरण बंद केलं. त्याविरुद्ध प्रकरण सर्वोच्च न्यायालयात सुरू असताना जूनमध्ये मंत्रालयाने जे प्रतिज्ञापत्र दिलं, त्यात रुग्णालयाची संसर्ग नियंत्रण समिती अंमलबजावणीला जबाबदार असली तरी स्वतःला कोविडपासून वाचवण्याची अंतिम जबाबदारी कर्मचाऱ्याचीच, असं म्हटलेलं होतं. त्या निवृत्त अधिकाऱ्यांचं वाक्य आणि हे वाक्य एकच आहे. फक्त एक सभेत बोललं गेलं आणि दुसरं देशाच्या सर्वोच्च न्यायालयात लिहून दिलं गेलं.

आणि या वाक्यात तथ्य अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. मास्कची नाकावरची पट्टी नीट दाबली का, हे माझं मलाच कळतं. किट चढवताना होत नाही तेवढी चूक उतरवताना होते. बाहेरची बाजू हाताला लागते, हात चेहऱ्याकडे जातो, आणि त्या क्षणी तिथे सरकार नसतं, मी असते. चहाच्या खोलीचंही खरंच आहे. आमच्याकडे एकाच आठवड्यात आजारी पडलेल्या पाच जणींपैकी चौघी एकाच टेबलावर डबा खाणाऱ्या होत्या. रुग्णापासून जपणारी माणसं मैत्रिणीपासून जपत नाहीत. काहींना तर घरातून, लग्नातून, बाजारातून लागण झाली. हे सगळं नाकारून कर्मचाऱ्यांची बाजू मांडणारे त्यांचंच नुकसान करतात. कारण उद्या कुणी नोंदी काढून दाखवल्या की उरलेलं खरं म्हणणंही खोटं ठरतं.

शिस्तीचा आग्रह धरणारे आणखी एक भक्कम उदाहरण देतात. ग्वांगझूहून वुहानला गेलेल्या ४२० डॉक्टर-परिचारिकांच्या तुकडीचा अभ्यास २०२० मध्येच प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवडे त्यांनी गंभीर कोविड रुग्णांत काम केलं, अगदी श्वासनलिकेत नळी घालण्यापासून सगळं, आणि एकालाही लागण झाली नाही. बघा, म्हणतात, नियम पाळले की होत नाही! पण तो अभ्यास पुढेही वाचायला हवा. त्या माणसांना जाण्याआधी प्रशिक्षण मिळालं होतं, पूर्ण संरक्षक साहित्य मिळालं होतं आणि त्यांच्या पाळ्या चार ते सहा तासांच्या होत्या. आठवड्याला सरासरी सोळा तास ती माणसं अतिदक्षता विभागात होती. आठवड्याला सोळा! ज्या सिस्टरने एका रात्रीत बारा तास काढले, तिला या चारशे वीस जणांचा दाखला कोणत्या तोंडाने द्यायचा? ते उदाहरण शिस्तीचं आहेच, पण त्याहून जास्त ते ड्युटी-तक्त्याचं आहे.

जुलै २०२० मधली एक रात्र सांगते. कोविड वॉर्डात सहा तासांच्या पाळ्या लावायचं ठरलं होतं, पण सहकारी पॉझिटिव्ह येत गेल्या तशी ती घडी मोडली आणि पाळी पुन्हा रात्री आठ ते सकाळी आठ झाली. हातांच्या स्वच्छतेची पाहणी रात्रीही करावी, असा आदेश होता, म्हणून मी किट घालून नोंदीचा छापील नमुना हातात घेऊन उभी होते. त्या नमुन्यात पाच वेळा दिलेल्या असतात: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-थुंकी वगैरे लागल्यावर, रुग्णाला हात लावल्यावर, आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यावर. हात स्वच्छ केले तर बरोबरची खूण, नाही केले तर फुली. साडेतीनच्या सुमारास सतरा नंबरच्या आजोबांची सलाईन बदलत असताना सिस्टरला पलीकडच्या कोपऱ्यातून आवाज आला. अठ्ठावीस नंबरच्या माणसाने ऑक्सिजनचा मास्क ओढून काढला होता आणि तो कॉटवरून उतरायला बघत होता. ती तशीच धावली, त्याच हातमोज्यांनी. मास्क बसवला, त्याला धरून बसवलं, पाठीवर हात फिरवत राहिली. मी तिच्या नावापुढे दोन फुल्या मारल्या आणि मग कागद खिडकीत ठेवून त्या माणसाचा दुसरा हात धरला. कागद बाहेर नेता येत नव्हता. सकाळी मी तो आतून काचेवर धरला आणि पलीकडून ऑफिसच्या मामांनी मोबाईलवर फोटो काढला. महिन्याच्या अहवालात तो वॉर्ड 'असमाधानकारक' ठरला. तिला समज देण्याचं पत्र निघालं.

आता जरा हिशेब करू. त्या रात्री वॉर्डात ३४ रुग्ण होते आणि सिस्टर एक. बारा तासांत प्रत्येक रुग्णाला किमान पाच वेळा तरी हात लागतो: ऑक्सिजन पाहणं, इंजेक्शन, सलाईन, पाणी पाजणं, कूस बदलणं. आधी एकदा आणि नंतर एकदा हात स्वच्छ करायचे, म्हणजे रुग्णामागे दहा वेळा, एकूण ३४० वेळा. अल्कोहोलचं द्रावण नीट चोळायला अर्धं मिनिट धरलं तर १७० मिनिटं, म्हणजे जवळपास तीन तास. साबण-पाण्याने एक मिनिट धरलं तर साडेपाच तासांहून जास्त. हातमोजे काढणं-घालणं यात धरलेलंच नाही, लिहिणंही नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक शिकवणाऱ्या रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. पाच रुग्णांना हाच हिशेब लावला तर पंचवीस मिनिटं होतात. पंचवीस मिनिटं काढा, असं कुणालाही सांगता येतं. तीन तास काढा, असं सांगताना सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं की हे होणार नाही. मग जो नियम पाळता येणार नाही अशी व्यवस्था आपणच केली, तो मोडल्याची फुली कुणाच्या नावावर मारायची?

हा फक्त माझ्या एका वॉर्डाचा अनुभव नाही. अमेरिकेतल्या ३५ रुग्णालयांत चार हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या हात धुण्याच्या नोंदी यंत्राने घेतल्या गेल्या. बारा तासांच्या पाळीच्या सुरुवातीला जे प्रमाण होतं ते शेवटाला जवळपास नऊ टक्क्यांनी खाली आलं, काम जास्त तीव्र तिथे घसरण जास्त, आणि दोन पाळ्यांमध्ये विश्रांती जास्त मिळाली तर प्रमाण पुन्हा सुधारलेलं. तीच माणसं, तेच प्रशिक्षण, तोच साबण. पेनसिल्व्हेनियातल्या २०१२ च्या अभ्यासात ज्या रुग्णालयांतल्या परिचारिका कामाने पिचून गेल्या होत्या, तिथे रुग्णांना मूत्रमार्गाचा आणि शस्त्रक्रियेच्या जखमेचा संसर्ग जास्त आढळला. म्हणजे सिस्टरला झोप मिळाली का, हा सिस्टरच्या सुखाचा प्रश्न आहे तितकाच तुमच्या आईच्या ऑपरेशनच्या टाक्यांचाही आहे.

हात धुण्याच्या इतिहासाकडे पाहिलं तरी हेच दिसतं. १८४७ मध्ये व्हिएन्नात इग्नाझ झेमेलवाइस या डॉक्टरने प्रसूती विभागाच्या दाराशी क्लोरीनच्या चुन्याचं पाणी ठेवलं आणि शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना त्यात हात बुडवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू दहा टक्क्यांच्या वर होते, ते पुढच्या वर्षभरात दोन टक्क्यांच्या खाली आले. इतकं स्वच्छ यश मिळूनही त्याचं म्हणणं त्याच्या हयातीत रुजलं नाही. कारणं बरीच होती, पण एक हेही होतं की पुढे तो न ऐकणाऱ्या डॉक्टरांना जाहीरपणे खुनी म्हणू लागला. दीडशे वर्षांनी जिनिव्हात डिडिए पिटे या डॉक्टरने वेगळी वाट धरली. परिचारिकेला वेळ का मिळत नाही, हे त्याने आधी मोजलं. बेसिनपर्यंत जाऊन-येऊन हात धुण्यातच वेळ जातो, हे दिसल्यावर द्रावणाची बाटली रुग्णाच्या उशाशी आणली. १९९४ ते १९९७ या काळात हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं आणि रुग्णालयातला संसर्ग १९९४ मधल्या १६.९ टक्क्यांवरून १९९८ मध्ये ९.९ टक्क्यांवर आला. मात्र त्याच रुग्णालयातल्या नोंदींनी हेही दाखवलं होतं की कामाचा रेटा जितका जास्त, तितके हात कमी धुतले जातात. बाटली जवळ आणल्याने अर्धं काम होतं, उरलेल्या अर्ध्याला माणसं लागतात.

आता संघटनेच्या ताईंच्या बाजूकडे वळते, कारण 'किट द्या, विमा द्या' हे उत्तरही मला अपुरं वाटतं. किट हा शेवटचा बांध आहे. आधी धोका दूर करायचा, मग हवा आणि जागा यांची रचना बदलायची, मग कामाची पद्धत, आणि एवढं करूनही जे उरेल त्यासाठी अंगावरचं कवच. आपण उलटं केलं. कवच चढवलं आणि आतल्या माणसाला म्हटलं, आता तुझं तू बघ. त्या कवचात मे महिन्यातल्या दुपारी काय होतं, ते घातल्याशिवाय कळत नाही. घाम बुटांत साचतो. गॉगलवर वाफ धरते आणि शीर शोधताना बोटांवरच विसंबावं लागतं. लघवीला जाता येत नाही म्हणून पोरी ड्युटीआधी चार-चार तास पाणी पीत नव्हत्या. मासिक पाळी आलेल्या मुलींनी ते तास कसे काढले, ते त्यांनाच ठाऊक. अशा अवस्थेत सहाव्या तासाला किट उतरवताना चूक होणं ही बेफिकिरी आहे का? आणि फक्त जास्त किट दिल्याने ती टळेल का?

हवेचं तर आपण फार उशिरा मनावर घेतलं. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही, असं ठामपणे जाहीर केलं होतं. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हवेतल्या प्रसाराकडे लक्ष वेधलं. सुरुवातीला कुणालाच पुरतं माहीत नव्हतं, हा बचाव मला मान्य आहे. पण माहीत नसताना कोणत्या बाजूला चुकायचं, हे तर आधीच ठरवून ठेवता येतं ना? २००३ मध्ये टोरांटोत सार्सची साथ आली. तिथल्या परिचारिका नवे रुग्ण दिसताहेत असं सांगत होत्या, ते मनावर न घेता खबरदारी सैल केली गेली आणि साथ पुन्हा उसळली. ओंटारिओत दोन परिचारिका आणि एक डॉक्टर गेले. न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगाने सगळं तपासून एक साधं सूत्र दिलं: धोका कमी करण्याचे रास्त उपाय करायला वैज्ञानिक खात्रीची वाट बघू नका. हे लिहून झालेलं होतं, छापून झालेलं होतं. तरी २०२० मध्ये आमच्याकडे एन-९५ कुणाला द्यायचे याची यादी झाली, तेव्हा डॉक्टर आधी, सिस्टर नंतर, आणि मावशींना साधा निळा मास्क. रुग्णाच्या सर्वांत जवळ कोण जातं? डायपर कोण बदलतं, उलटी कोण पुसतं, मृतदेह पिशवीत कोण घालतं? विषाणूला हुद्दा कळत नाही. पण आपली यादी हुद्द्यावरून केलेली होती.

या हवेसाठी परदेशी यंत्रंच हवीत असंही नाही. पेरूमधल्या लिमा शहरातल्या आठ रुग्णालयांत हवा किती खेळते याचं मोजमाप २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत खिडक्या उघडल्या की बंद खोल्यांतल्या यांत्रिक वायुवीजनापेक्षा हवा कितीतरी जास्त वेळा बदलत होती. आपली जुनी सिव्हिल हॉस्पिटलं आठवा. दोन्ही बाजूंना खिडक्या, वर झरोके. आमच्या जुन्या वॉर्डात आधी कबुतरांसाठी जाळ्या लागल्या, मग धुळीसाठी काचा, मग एसी आला आणि काचा खिळ्यांनी पक्क्या झाल्या. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत निवासी डॉक्टरांना आणि परिचारिकांना क्षयरोग होतो, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे. क्षयाचा जंतू हवेतूनच जातो, हे शाळेतलं पोरही सांगेल. म्हणजे कोविडने नवं काहीच दाखवलं नाही. जी गळती तीस वर्षं ठिबकत होती, ती एका पावसात छतासकट खाली आली, इतकंच.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा येतो: आणीबाणीत माणसं आणायची कुठून? परिचारिका एका रात्रीत तयार होत नाहीत. पोलीस, एसटी आणि बेस्टचे चालक-वाहक, स्मशानातले कामगार, सगळ्यांनीच तेव्हा जीव धोक्यात घातला. मग रुग्णालयवाल्यांनीच हिशेब का मागावा? पहिला भाग अगदी खरा आहे आणि म्हणूनच तो माझ्या बाजूचा आहे. माणसं एका रात्रीत मिळत नाहीत, म्हणून ती आधी भरायची असतात. साथ नसताना रिकाम्या ठेवलेल्या जागा साथीत मृत्यू होऊन समोर येतात. आपण काय केलं? साथीत कंत्राटावर माणसं घेतली, त्यांनी काम शिकून घेतलं, आणि लाट ओसरताच त्यांना घरी पाठवलं. शिकलेली माणसं सोडून देणं ही कसली काटकसर? दुसऱ्या भागाबद्दल एवढंच, की बेस्टच्या वाहकानेही हाच हिशेब मागायला हवा. तो मागत नाही म्हणून माझा प्रश्न लहान होत नाही.

आधीची तयारी उपयोगी पडते, याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. मे २०१८ मध्ये केरळात निपाह आला तेव्हा १७ जण दगावले. लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना ती रुग्णालयांच्या आवारातच झाली होती आणि पेरांब्रा तालुका रुग्णालयातल्या परिचारिका लिनी २१ मे रोजी गेल्या. जूनमध्ये दुसऱ्या वर्षी, २०१९ ला, एर्नाकुलममध्ये एका विद्यार्थ्याला निपाह झाला. तो बरा झाला आणि त्याच्यापासून कुणालाही लागण झाली नाही. एका वर्षात केरळच्या सिस्टर जास्त शूर झाल्या होत्या का? संशयित रुग्ण ओळखून वेगळा ठेवण्याची, साहित्य हाताशी ठेवण्याची, संपर्कातली माणसं शोधण्याची घडी बसलेली होती. लिनींच्या नावाने आपण डोळे पुसले. त्यांना खरी आदरांजली त्या २०१९ च्या जूनमध्ये वाहिली गेली.

समज देणारी पत्रं, मेमो, पगारकपात यांनी संसर्ग कमी होतो असं मानणाऱ्यांना मला आमच्या एका मावशींबद्दल सांगायचंय. कंत्राटी होत्या, कामावर येतील त्या दिवसाचे पैसे. एका सकाळी त्या पोछा मारताना भिंतीला टेकल्या. हात लावला तर अंग भाजत होतं. तीन दिवस ताप होता, गोळी घेऊन येत होत्या. "सिस्टर, सांगितलं असतं तर चौदा दिवस घरी बसवलं असतं. खायचं काय?" त्या तीन दिवसांत त्या चार वॉर्डांत फिरल्या होत्या. संसर्ग नियंत्रणाचं माझं सगळं शिक्षण त्या एका वाक्यापुढे लंगडं पडलं. मावशींना नियम माहीत नव्हता असं नाही, पुरता माहीत होता, म्हणूनच त्यांनी ताप लपवला. पगारी रजा ही दया नाही. ती मास्कइतकीच संसर्ग नियंत्रणाची वस्तू आहे आणि मास्कपेक्षा जास्त काम करते. जिथे आजार सांगितल्याची शिक्षा होते तिथे आजार सांगितला जात नाही, आणि जो सांगितला जात नाही तो पसरतो.

'कोविड योद्धा' या शब्दाने माणसांना मान मिळाला, हे मी नाकारत नाही. वाळीत टाकणाऱ्या शेजाऱ्यांपुढे तो शब्द काही घरांत ढाल झाला. पण योद्धा म्हटलं की मरणं कामाचाच भाग ठरतं, आणि मग कारण शोधायचं राहून जातं. पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या आणि त्याच आजाराने १० मार्चला गेल्या. साथीत सेवा करणाऱ्यांना आपण नेहमी त्यांचा दाखला देतो. तो देताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे पॉल-लुई सीमाँने कराचीत दाखवून दिलं ते १८९८ मध्ये. सावित्रीबाई गेल्या तेव्हा तो कसा पसरतो हेच जगाला माहीत नव्हतं. आज सगळं माहीत आहे. माहीत असताना गेलेल्या सिस्टरच्या मरणाला हौतात्म्य म्हणणं हा सावित्रीबाईंचाही मान नाही.

आणि सैन्याचीच उपमा हवी असेल तर पुरती घ्या. सैन्य आपल्या तुकड्या पाळीपाळीने मागे आणतं, त्यांना झोपवतं, जेवू घालतं, आणि आपले मृत मोजतं. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत किती आरोग्य कर्मचारी गेले असं विचारल्यावर केंद्राचं उत्तर होतं, की आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अशी माहिती केंद्राकडे ठेवली जात नाही. इंडियन मेडिकल असोसिएशनने स्वतःची यादी ठेवली. पहिल्या लाटेतच तिच्यात सातशेहून जास्त डॉक्टरांची नावं होती. सिस्टरांची, वॉर्डबॉयची, मावशींची, रुग्णवाहिका चालकांची अशी यादी कुणी केली? जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी गेले असावेत, असा अंदाज दिला. खालच्या आणि वरच्या आकड्यात एक लाखाचं अंतर आहे. ती माणसं मोजलीच गेली नाहीत, म्हणून ते इतकं मोठं आहे.

मनाच्या आरोग्याबद्दलही असंच झालं. आम्हाला रात्रपाळी संपवून सकाळी दहा वाजता तणावमुक्तीच्या ऑनलाइन व्याख्यानाला बसवलं गेलं. समुपदेशकाची गरज असते, काहींना फार असते, आणि ती मिळायलाच हवी. पण त्या वर्षी मी ज्यांच्याशी बोलले त्यांना आधी हवं होतं ते वेगळंच होतं: पुढच्या आठवड्याची ड्युटी आज कळावी, पोरं आजीकडे ठेवायची की नाही ते ठरवता यावं. रुग्णालयाजवळ एक खोली असावी, म्हणजे ताप आला तर सासूबाईंच्या शेजारी झोपावं लागणार नाही. सकाळी आठला गरम जेवण मिळावं. रात्री वॉर्डात कुणी गेलं, तर त्याच्या मुलाला फोन करायचं काम प्रत्येक वेळी त्याच मुलीवर येऊ नये. यातलं एकही काम मानसोपचारतज्ज्ञाचं नाही. ही सगळी अधिसेविकेच्या टेबलावर आणि अधीक्षकांच्या सहीने होणारी कामं आहेत.

पैसा लागेल, हे उघड आहे. पण जो वाचवला म्हणतो तो वाचला का? एक सिस्टर आजारी पडली की तिचे रुग्ण उरलेल्या तिघींवर जातात, त्यांचे हात आणखी कमी धुतले जातात, मग त्यांतली दुसरी पडते. आमचा सहा तासांचा तक्ता असाच मोडला होता.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी पाहणीच्या नमुन्यात तीन रकाने वाढवून पाठवले: त्या वेळी वॉर्डात रुग्ण किती, परिचारिका किती, आणि पाळीचा कितवा तास. नमुना ठरलेला आहे, त्यात परस्पर बदल करू नयेत, असा शेरा मारून तो परत आला. ते तीन रकाने छापून घ्या, एवढंच मी त्या चर्चेत सांगायला उठणार होते, तोवर वेळ संपली होती. जुलैच्या त्या रात्रीच्या फोटोची छापील प्रत माझ्याकडे अजून आहे. काचेच्या चमकेमुळे एक कोपरा पांढरा आला आहे, पण दोन फुल्या स्पष्ट दिसतात. त्यांच्या शेजारी मी नंतर पेन्सिलने लिहून ठेवलंय: रुग्ण ३४, परिचारिका १, पाळीचा आठवा तास.